ट्विस्ट डबीवर 'जागतिक पेटंट'? फॉरवर्ड करायच्या आधी एवढं वाचा

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्यात म्हटलंय की एका परदेशी कॉस्मेटिक कंपनीने रिफिल होणाऱ्या ट्विस्ट-अप डबीवर जागतिक पेटंट घेतलंय. म्हणजे खालचं चाक फिरवलं की स्टिक वर येते आणि संपली की नुसती आतली कांडी बदलायची, तीच डबी. आपलं पेटंट ऑफिस तर डोळे झाकून शिक्का मारतं म्हणे, आणि एकदा मिळालं की संपलं, त्यामुळे आता लिप बाम, डिओ, सॉलिड परफ्यूम, गोंद, कशाचीही फिरणारी डबी बनवली की केस, रिफिल विकली तरी जेल, आणि वाचायचं असेल तर डिझाइन दहा टक्के बदला नाहीतर ऑर्डरी थांबवा. खाली लाल गोल मारलेला एक स्क्रीनशॉट. माझं काम मोल्ड डिझाइनचं, कस्टमर नवीन पार्ट घेऊन आला की मोल्ड कापायच्या आधी त्या पार्टवरची पेटंटं वाचावीच लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. नोटीस खरंच हातात पडली तर वकील गाठायचा, ते वेगळं.

'जागतिक पेटंट घेतलंय'

स्क्रीनशॉट झूम करून बघा, नंबर 'डब्ल्यूओ'ने सुरू होतो. हा पीसीटीमधून, म्हणजे पेटंट अर्जांच्या आंतरराष्ट्रीय करारातून, केलेला अर्ज छापून आल्याचा नंबर आहे. अर्ज! पेटंट नाही. जगभर चालेल असं एकच पेटंट कुठलंच ऑफिस देत नाही, पीसीटीतून एवढंच होतं की एक अर्ज टाकून बाकीच्या देशांत जायला वेळ मिळतो. भारतात यायचं तर सगळ्यात पहिला अर्ज टाकल्याच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत इथे वेगळा अर्ज टाकायला लागतो, फी भरायला लागते, आणि मग तपासणी इथल्या कायद्याने होते. भारतात अर्जच टाकला नसेल तर तो डब्ल्यूओ नंबर फ्रेम करून भिंतीवर लावला तरी अंबडमधल्या मशीनला काही होत नाही. हां, माल तिकडे एक्स्पोर्ट करत असाल तर त्या देशाचं पेटंट बघावं लागेल.

भारतात आला असला तरी पुढच्या पायऱ्या आहेतच. अर्ज साधारण १८ महिन्यांनी छापून येतो आणि लोक तिथेच फसतात, छापून आला म्हणजे मिळालं असं समजतात. छापून आल्यावरही तपासणी आपोआप सुरू होत नाही, फॉर्म १८ भरून ती मागायला लागते. १५ मार्च २०२४ पासून आलेल्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने आहेत, आधीच्यांना ४८ होते, आणि मुदतीत मागितली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. पेटंट ऑफिसच्या साइटवर इनपास नावाचा सर्च आहे, फुकट आहे, नंबर टाकला की स्टेटस दिसतं. फॉरवर्ड करायला लागतो त्यापेक्षा चार मिनिटं जास्त लागतील.

'फिरवून वर येणारी कुठलीही डबी त्यांची झाली'

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पेटंटचं शीर्षक वाचलंय, फार तर वरचा गोषवारा. हक्क ठरतो शेवटी दिलेल्या क्लेम्सवरून, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या क्रमांकवार वाक्यांवरून. 'रिफिलेबल ट्विस्ट-अप डिस्पेन्सर कंटेनर' हे शीर्षक कितीही मोठं वाटलं तरी त्याने कुणाला काही मिळत नाही.

घरात पोराची संपलेली गोंदाची कांडी असेल तर घ्या आणि खालचं चाक ओढून काढा. चाकाला मधोमध आटे असलेला प्लास्टिकचा रॉड, त्या रॉडवर वाटीसारखा प्लॅटफॉर्म, वाटीच्या भोकात तसेच आटे, आणि नळीच्या आत उभ्या बारीक पट्ट्या, ज्या वाटीच्या खाचांत बसतात. त्या पट्ट्या नसत्या तर चाकाबरोबर वाटीही जागच्या जागी गोल फिरली असती आणि गोंद वर आलाच नसता. डिओची स्टिक लंबगोल असते, त्यामुळे ती आपोआप फिरायची थांबते, पट्टी लागत नाही. एवढी मेकॅनिझम शंभर वर्षांची जुनी आहे. अमेरिकेत जेम्स ब्रूस मेसन ज्युनिअर नावाच्या माणसाला फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकच्या नळीचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, जर्मनीच्या हेन्केल कंपनीने गोंदाची प्रिट स्टिक १९६९ ला बाजारात आणली, आणि आपल्याकडे फेविस्टिक कुठल्या शाळेच्या दप्तरात नसते सांगा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, त्यामुळे या जुन्या गोष्टींवर आता कुणाचाच हक्क नाही, तुमचा-माझा-सगळ्यांचा आहे.

आता समजा (उदाहरण माझं, कुठल्या खऱ्या अर्जातलं नाही) कंपनीने पहिला क्लेम असा लिहिला: बाहेरची बॉडी, खाली फिरणारं चाक, चाकाला आट्याचा रॉड, रॉडवर चढणारा प्लॅटफॉर्म, आणि काढता-घालता येणारी रिफिलची नळी. एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसमधला तपासणारा माणूस, काय करतो, तर याचे तुकडे पाडतो आणि जुने कागद शोधत बसतो. शोधायला पेटंटच्या वर्गीकरणात कप्पे ठरलेले आहेत, स्क्रूने सरकणाऱ्या स्टिकच्या डब्या ए४५डी ४०/०४ मध्ये, रिफिल स्टिक ४०/१६ मध्ये. सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडले की नावीन्य गेलं. नाही सापडले तर दोन कागद शेजारी ठेवतो, डी-१ मध्ये गोंदाची कांडी, डी-२ मध्ये रिफिल होणारी लिपस्टिक, आणि विचारतो की या धंद्यातल्या साध्या जाणकार माणसाला हे दोन जोडायचं सुचलं असतं का. सुचलं असतंच की! मग पहिल्या तपासणी अहवालात, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, तसा आक्षेप येतो. वर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आहेच, माहितीतल्या वस्तू नुसत्या शेजारी-शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत असेल तर तो शोध धरत नाहीत.

अर्जदाराला उत्तराला सहा महिने, मागितले तर वर तीन. तेव्हा तो काय करतो? क्लेम आवळतो. रिफिलच्या डबीत खरी डोकेदुखी काय असते ते मोल्डवाल्याला लगेच कळेल: स्टिक संपते तेव्हा प्लॅटफॉर्म पार वर पोचलेला असतो, नवीन रिफिल घालायची तर चाक उलटं फिरवत फिरवत तो खाली आणायचा, गिऱ्हाईक वैतागतं आणि डबी फेकून देतं. यावर कुणी अशी युक्ती काढली की रिफिल बाहेर ओढली की प्लॅटफॉर्मचे आटे दोन भागांत उघडतात, रॉड सुटतो आणि नवीन रिफिल सरळ दाबून बसते, तर तिथे काहीतरी नवीन आहे असं म्हणता येईल. हे मूळ कागदात आधीपासून लिहिलेलं असलं तरच क्लेममध्ये आणता येतं, कलम ५९ मुळे मागाहून नवीन काही घुसडता येत नाही. मग मिळालेलं पेटंट एवढ्याच उघडणाऱ्या आट्यांपुरतं राहतं. तुमच्या डबीत प्लॅटफॉर्म उलटा फिरवूनच खाली आणायला लागत असेल, तर तो क्लेम तुमच्यावर बसत नाही, शीर्षक दोन्हीकडे शब्दश: सारखं असलं तरी.

म्हणून शीर्षक सोडा, मंजूर झालेला क्लेम क्रमांक एक काढा, तुकडे पाडा आणि आपल्या ड्रॉइंगशेजारी ठेवा. अर्जाच्या वेळचा नाही हां, मंजूर झालेला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

'ऑफिस डोळे झाकून शिक्का मारतं'

हे वाचून राग येतो, कारण एफईआर वाचलेला माणूस असं लिहूच शकत नाही. इनपासवर कुठल्याही अर्जाचा एफईआर उघडून बघा, नावीन्य, इन्व्हेन्टिव्ह स्टेप (जाणकाराला सहज सुचलं नसतं असं काही आहे का), कलम ३, स्पष्टता, परदेशातल्या अर्जांची माहिती, एकेकावर आक्षेप असतात. उत्तर पटलं नाही तर सुनावणी, तरीही नाही पटलं तर नामंजूर.

आणि साध्या वर्कशॉपमधल्या सुधारणेला पेटंट नाही, हे आपल्याकडे भांड्यांच्याच केसमध्ये ठरलंय, हे भांडी बाजाराच्या गावात तरी माहिती पाहिजे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सुप्रीम कोर्ट, १९७८. पेटंट होतं लेथवर भांडं धरून फिनिशिंग करायच्या पद्धतीवर, भांडं निसटू नये म्हणून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, दाब द्यायचा वगैरे. कोर्ट म्हणालं की टेलस्टॉक आधीपासून सगळ्यांना माहितीय, तो इथे लावला यात शोधाचं डोकं लागलेलं नाही, आणि पेटंट रद्द. भांडी घडवणाऱ्या कुठल्याही तांबटाला विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. आजही कंट्रोलरच्या, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑर्डरींमध्ये या केसचं नाव येतं.

आता मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. नको ती पेटंटं कधीकधी सुटतात. एक्झामिनरला जे कागद सापडले त्यावरच तो बोलणार, सातपूरच्या एखाद्या युनिटने पंधरा वर्षांपूर्वी तीच डबी बनवून विकली असेल तर ते त्याला कॉम्प्युटरवर कुठून दिसणार. कायद्यालाही हे माहितीय, कलम १३(४) मध्ये सरळ लिहिलंय की तपासणी झाली म्हणजे पेटंट वैध असल्याची हमी मिळाली असं नाही. म्हणूनच मंजुरीनंतर वर्षभरात विरोध करता येतो, नंतरही हायकोर्टात रद्द करायला जाता येतं. म्हणजे मेसेजमधलं 'एकदा मिळालं की संपलं' हेही गेलं.

'दहा टक्के बदला, सेफ'

हा दहा टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. कुणी काढला देव जाणे, पण प्रत्येक टूलरूममध्ये एक तरी माणूस तो छातीठोकपणे सांगतो. क्लेममधला एकेक तुकडा तुमच्या डबीत आहे की नाही एवढंच बघतात, आणि एखादा बदलला असेल तर बदललेला तुकडा तेच काम तसंच करतो का हेही बघतात. रंग, उंची, चाकावरची नक्षी अशा नव्वद गोष्टी बदलल्या आणि तो उघडणारा आटा तसाच ठेवला तर अडकलात. उलट सगळं सेम ठेवून क्लेममधला एक महत्त्वाचा तुकडाच काढून टाकला तर सुटलात.

डबीचा बाहेरचा आकार मात्र वेगळा विषय आहे, तो डिझाइन कायदा २००० खाली नोंदवतात, १० वर्षं आणि वाढवून एकूण १५. तिथे मेकॅनिझम बघत नाहीत, डोळ्याला काय दिसतं ते बघतात. पेटंटमधून सुटलात आणि डिझाइनमध्ये अडकलात असंही होऊ शकतं, त्यामुळे सर्च दोन्हीकडे करायचा.

'रिफिल विकली तरी जेल'

भारतात पेटंटचं उल्लंघन हा फौजदारी गुन्हाच नाही. दिवाणी दावा होतो, मनाई हुकूम, नुकसानभरपाई. हलकं घ्या असं म्हणत नाहीये, मनाई हुकमाने धंदा बसू शकतो, पण जेल नाही. गंमत म्हणजे दंड उलट्या बाजूला आहे, पेटंट नसताना मालावर 'पेटंटेड' छापलं तर कलम १२० खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नुसती रिफिल बनवण्याबद्दल सांगायचं तर तेही क्लेमवरच आहे. रिफिलच्या नळीवरच वेगळा क्लेम असेल तर सांभाळून. पण विकत घेतलेल्या डबीत संपणारा भाग बदलणं म्हणजे डबी नव्याने 'बनवणं' होतं का, यावर बाहेर मोठ्या केसेस झाल्यात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ ला लेक्समार्कच्या प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिजच्या केसमध्ये ठरवलं की एकदा विकलं की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपला, मग कुणी ती परत भरून विको. ब्रिटनमध्ये २०१३ ला शुट्झ विरुद्ध वेरिटमध्ये, ते पिंजऱ्यातले मोठे चौकोनी हजार लिटरचे प्लास्टिकचे टँक असतात ना, आपल्या एमआयडीसीत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात ते, त्यातली आतली बाटली बदलणं म्हणजे पूर्ण टँक बनवणं नव्हे असं कोर्ट म्हणालं. आपल्या कोर्टावर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वकील ते पुढे ठेवणारच.

'ऑर्डरी थांबवा'

कशासाठी? भारतात अर्ज असेल आणि अजून मंजूर झाला नसेल, तर थांबण्यापेक्षा विरोध करा. कलम २५(१) खाली छापून आलेल्या अर्जाला मंजुरीच्या आधी कुणीही विरोध करू शकतो, फॉर्म ७ए, आता त्याला फी लागते. कुणाला मंजुरीनंतर नुसतं धमकावणारं पत्र आलं, आणि त्याची डबी क्लेममध्ये बसतच नसेल, तर कलम १०६ खाली पोकळ धमकीविरुद्ध तोच उलटा दावा लावू शकतो. मात्र 'आमचं अमुक पेटंट आहे' एवढीच माहिती कळवली तर ती धमकी होत नाही, पत्र नीट वाचा.

आणि विरोधाला लागतो पुरावा, ग्रुपवरचे लाल इमोजी नाही. त्यांच्या पहिल्या अर्जाच्या तारखेच्या आधी तशी डबी भारतात उघडपणे विकली किंवा वापरली गेली असेल तर तो विरोधाचा सरळ मुद्दा आहे. निमाच्या (नाशिकच्या कारखानदारांची संघटना) प्रदर्शनात स्टॉल लावला होता त्याचा तारीख असलेला कॅटलॉग, गिऱ्हाइकाला दिलेलं बिल आणि त्यावरचा पार्ट नंबर, त्याच पार्ट नंबरचं सही-तारखेचं ड्रॉइंग, असं एकमेकांना जोडणारं काही पाहिजे. नुसतं 'आम्ही कधीपासून बनवतोय' कुणी ऐकणार नाही. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या फायली रद्दीवाल्याला जातात, त्यातल्या डबी-बाटल्यांच्या फायली तेवढ्या बाजूला काढा, स्कॅन करा, आणि मोल्ड भंगारात काढला असेल तरी त्यातून निघालेलं एखादं सॅम्पल ठेवा.