'मॅटीन' नावाचं वेगळं रसायन नाही, ते कॅफीनच आहे

माझ्या मामेबहिणीला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी चहा-कॉफी कमी करायला सांगितलीय. गेल्या आठवड्यात तिने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "दादा, हे चालेल ना रे मला?" मजकूर असा: दक्षिण अमेरिकेत ज्याच्या पानांचं चहासारखं पेय करतात, त्या 'येर्बा माते' झाडाच्या पानांत कॅफीन नसतं, 'मॅटीन' असतं. ते कॅफीनचं आरशातलं रूप. त्यामुळे तरतरी येते, पण झोप उडत नाही आणि सवय लागत नाही. नैसर्गिक आहे, गरोदर बायकांनीही कितीही प्यावं.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. हे वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

आधी ते 'आरशातलं रूप'. काही रेणूंना डाव्या-उजव्या चपलेसारखी जोडी असते हे खरं. डावी चप्पल कशीही फिरवा, उजव्या पायात नीट बसत नाही. पण अशी जोडी होण्यासाठी रेणूच्या घडणीत तसा तिढा लागतो. बहुतेक वेळा चार बाजूंना चार वेगळे गट धरलेला एखादा कार्बन असतो. कॅफीनमध्ये तसा एकही कार्बन नाही. कड्यांमधल्या प्रत्येक कार्बनला तीनच शेजारी आहेत, आणि बाहेर लटकणाऱ्या तीन मिथाइल गटांतल्या कार्बनला तीन-तीन सारखेच हायड्रोजन. दोन्ही कडी एका पातळीत, पत्र्यासारखी सपाट. कागदातून 'क' अक्षर कापा आणि आरशासमोर धरा. आत उलटा 'क' दिसेल. आता हातातला कागद पालथा करा, तोच उलटा 'क' तुमच्या हातात. कॅफीनचंही तसंच. वर्गात काड्या-गोळ्यांचं मॉडेल मुलांच्या हातात दिलं की दोन मिनिटांत त्यांना पटतं. आरशातलं कॅफीन म्हणजे कॅफीनच.

हा घोळ आधीही झालाय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी 1819 मध्ये कॉफीतून कॅफीन वेगळं केलं. 1827 मध्ये चहात 'थेईन' सापडल्याचं जाहीर झालं, आणि 1838 पर्यंत दोन्ही एकच असल्याचं सिद्ध झालं. मातेच्या पानांतलं कॅफीन स्टेनहाऊस या रसायनशास्त्रज्ञाने 1843 मध्येच ओळखलं होतं. 'मॅटीन' हे त्याच पदार्थाला पडलेलं आणखी एक नाव, इतकंच.

'झोप उडत नाही' म्हणे. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसून 'आता झोप' असा निरोप देतं. कॅफीन त्या जागा अडवतं. ते कुठल्या पानातून आलं, हे ग्राहीला कळत नाही. मग माते पिणाऱ्यांना वेगळं का वाटतं? त्यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. अर्जेंटिनात किंवा उरुग्वेत वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात पानांचा चुरा भरतात, थोडं थोडं पाणी ओततात आणि धातूच्या नळीने, बोंबिल्याने, तासन्‌तास घोट घेतात. बऱ्याचदा एकच भांडं चौघांत फिरतं. कॅफीन हळूहळू पोटात जातं, त्यामुळे एकदम किक बसत नाही. शिवाय त्यात थोडं थियोब्रोमिन असतं, कोकोत असतं तेच, पण त्याचं उत्तेजन सौम्य.

सवय लागत नाही हेही खोटं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडलं तर चहासारखंच डोकं दुखू शकतं.

आणि 'कितीही प्या' हे सगळ्यात घातक. भांड्यात 50 ग्रॅम चुरा धरा, त्यात कॅफीन साधारण 1 टक्का धरा. झालं 500 मिलिग्रॅम. एकटीने पुन्हा पुन्हा पाणी घालून प्यायलं आणि त्यातलं निम्मं जरी उतरलं तरी 250. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये गरोदर बाईसाठी दिवसाला 200 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलीय. त्यात दिवसभरातला चहा, कॉफी, चॉकलेट सगळं आलं. 'कॅफीन नाही' म्हणून सांगितलं की ती बाई हे मोजणारच नाही. माझा राग त्यावर आहे.

मातेशी माझं वैर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांवरची कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरवली, मग ते माते असो वा चहा. म्हणजे मुद्दा कढतपणाचा; पॅराग्वेत तर माते बर्फाच्या पाण्यात पितात, तेरेरे म्हणून.

बहिणीला मी एवढंच लिहिलं: "कॅफीन आहे गं त्यात, चहासारखंच. किती चालेल ते पाकीट घेऊन डॉक्टरांनाच विचार." संध्याकाळी तिचा फोन आला. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'कॅफीन' छापलेलंच होतं.