'डिप्रेशन म्हणजे मुळातला कमकुवत स्वभाव': या दाव्यात पाणी कुठे मुरतं?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या मजकुराचं सार असं: डिप्रेशन हा आजार नाही, स्वभाव आहे. रडकी, आळशी माणसंच त्यात सापडतात, कर्तबगार माणसं नाहीत. गोळ्यांनी स्वभाव बदलत नाही, तेव्हा आधी स्वतःला बदला.

'रडकी माणसंच'. यातला थोडा भाग खरा आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. स्वभावाच्या पाच मुख्य घटकांपैकी न्यूरॉटिसिझम, म्हणजे पटकन काळजी, चिडचिड, अपराधीपणा वाटण्याची प्रवृत्ती, डिप्रेशन असलेल्यांत सरासरीने बरीच जास्त आढळते. रोमन कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 175 अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा हा फरक सुमारे 1.3 प्रमाणित विचलनाइतका (माणसामाणसांतला फरक मोजायचं हे एकक) भरला. फरक मोठाच आहे. पण डिप्रेशन असलेला एक आणि नसलेला एक अशा 100 जोड्या लावल्या, तर या आकड्याप्रमाणे 17-18 जोड्यांत नसलेल्याचाच न्यूरॉटिसिझम जास्त निघेल. 'रडकीच' मधला 'च' इथेच गळतो.

उलट बाजूनेही बघा. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्या घडीला डिप्रेशन असलेल्या प्रौढांचं प्रमाण 2.7 टक्के होतं. तेवढं धरून ढोबळ हिशोब केला, तर न्यूरॉटिसिझम चांगलाच जास्त असलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्या वेळी डिप्रेशन नसतं. स्वभावाने धोका वाढतो, निदान होत नाही.

'आळशी'. हा शब्द सगळ्यात जास्त अन्याय करतो. शिस्त आणि नेटकेपणाचे गुण डिप्रेशनमध्ये कमी येतात हे खरं, पण ते मोजले कधी? बहुतेकदा माणूस आजारी असताना. निदानाच्या नऊ लक्षणांतच थकवा, एकाग्रता नसणं, निर्णय न घेता येणं आणि हालचाली मंदावणं आहे. त्या अवस्थेत 'मी हातातलं काम पूर्ण करतो' या विधानापुढे माणूस 'नाही' वरच खूण करणार. न्यूरॉटिसिझमची तर वेगळीच गंमत: निओ या प्रसिद्ध स्वभावचाचणीतल्या त्याच्या 48 विधानांपैकी आठ विधानं ज्या उपघटकाची आहेत, त्याचं नावच 'डिप्रेशन'! आजार मोजायचा आणि त्याला स्वभाव म्हणायचं, असा हा घोळ.

यावर उपाय म्हणजे आजाराआधी, आजारात आणि नंतर, असं तीनदा मोजणं. नेदरलँड्समधल्या ऑर्मेल आणि सहकाऱ्यांनी सर्वसामान्य लोकसंख्येत ते केलं (2004). पुढे आजारी पडलेल्यांचा न्यूरॉटिसिझम आधीही थोडा जास्त होता, आजारात आणखी चढला आणि बरं झाल्यावर पूर्वीच्या पातळीवर उतरला. म्हणून आजार भरात असताना भरून घेतलेली स्वभावचाचणी फारशी कामाची नाही. लक्षणं जाऊन दोनेक महिने झाल्यावर ती पुन्हा घ्यावी. तोवर घरच्यांना विचारावं: दोन वर्षांपूर्वी हा माणूस कसा होता?

'कर्तबगार माणसं नाहीत'. जर्मन मनोविकारतज्ज्ञ ह्युबर्टस टेलेनबाख यांनी 1961 साली नेमकं उलट चित्र मांडलं: अतिनेटका, कर्तव्याला जखडलेला, दुसऱ्यांसाठी राबणारा माणूसच खोल विषादात जातो. तेही सगळ्यांना लागू पडत नाही. पण अशा माणसाचं दुखणं उशिरा ध्यानात येतं, कारण तो कामावर जातच असतो.

'गोळ्यांनी स्वभाव बदलत नाही'. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत डिप्रेशनच्या 240 रुग्णांना पॅरॉक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध, बोधात्मक उपचार (विचारांची पद्धत बदलायला शिकवणारे संवादातून दिलेले उपचार) किंवा बिनऔषधी गोळी दिली. डिप्रेशनमधली सुधारणा सारखी धरूनही पॅरॉक्सेटिनवाल्यांच्या न्यूरॉटिसिझममधला बदल बिनऔषधी गोळीवाल्यांच्या 6.8 पट होता. एकट्या अभ्यासावर फार भार टाकू नये. पण 2017 साली 207 अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही दिसलं, की सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनी स्वभावगुण हलतात आणि सर्वांत जास्त हलते ती भावनिक स्थिरताच, म्हणजे न्यूरॉटिसिझमची उलट बाजू.

'आधी स्वतःला बदला'. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला हा सल्ला देऊन काय साधणार? उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं आणि झोप, भूक, कामही बिघडलं, तर डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्यावं, कारण यांतल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणं ही नेहमीची चूक. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नये: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.