मजुरीतून मराठी येत नाही, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'परप्रांतीय मजूर दहा वर्षं राहिले तरी मराठी शिकत नाहीत. हातकामातून भाषा येत नसते. आली तरी हुकूम कळण्यापुरती. वर्ग सक्तीचे करा.' आमची नाशिकजवळ दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, बिहारची मुलं कामाला असतात. यातलं बरंचसं मला पटत नाही.

हातकामातून भाषा येत नाही? ऑक्टोबर छाटणी झाली की दीड-दोन महिन्यांनी विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, या. नव्या मुलाच्या हाती कात्री देऊन आम्ही सांगतो, 'हा बारका मणी काप, हा राहू दे.' शब्द कानावर पडतो तेव्हा मणी त्याच्या बोटांतच असतो. चुकीचा कापला गेला तर तिथल्या तिथे कळतं. आणि घडामागून घड, दिवसभर तेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर भाषा शिकवायची पद्धत बसवली: आधी आज्ञा ऐकायची, अंगाने करून दाखवायची, बोलणं मागाहून.

'हुकूम कळण्यापुरती' हे तर मला लागलंच. 'पाऊस आला तर डावणी येईल, म्हणून आजच फवारून घेऊ.' डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. या एका वाक्यात अट आहे, भविष्यकाळ आहे, कारण आहे. दुसऱ्या हंगामाला आलेला मुलगा असं वाक्य स्वतः जुळवतो. मणी तडकला, सुकला की कुजला, तेही नेमकं सांगतो.

दहा वर्षांत येत नाही, हे काहींच्या बाबतीत खरं आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनच्या आवाजात बोलणार कोण? मुकादम त्यांच्याच गावचा, खोलीत सगळे गावचेच. आणि आपण त्यांच्याशी तोंड उघडलं की हिंदी! जर्मनीतल्या स्पॅनिश आणि इटालियन कामगारांचा हायडेलबर्ग विद्यापीठाने १९७० च्या दशकात अभ्यास केला. कामाबाहेर जर्मन माणसांत ऊठबस किती, याचा भाषेशी सगळ्यात घट्ट संबंध तेव्हाही दिसला.

वर्ग हवेतच, वाचता-लिहिता येण्यासाठी. पण जर्मनीने २००५ पासून स्थलांतरितांसाठी सुरू केलेला भाषेचा कोर्स साधारण ६०० तासांचा आहे. दिवसभर बागेत उभा असलेला माणूस एवढा वेळ कुठून काढणार? आम्ही यंदा जेवणाच्या सुट्टीत औषधाचं मराठी माहितीपत्रक मुलांकडूनच वाचून घेतो: किती मिली, किती लिटर पाण्यात, काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही.