७२ डीपीआय केल्याने वेबसाइट पळत नाही

‘फोटोंमुळे वेबसाइट हळू उघडते? ही पाच कामं करा’ अशा मथळ्याची एक यादी बरीच वर्षं हातोहात फिरते आहे. कामं अशी: सगळे फोटो ७२ डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके, त्याचं माप) आणा, सगळे वेबपीत (फोटो साठवण्याचा एक फॉरमॅट) बदला, सगळ्यांना लेझी लोड (दिसायची वेळ आली की मगच फोटो मागवणं) लावा, मेटाडेटा (फोटोसोबत फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी) पुसून टाका आणि एकही फाइल १०० केबीच्या वर जाऊ देऊ नका. रोगाचं निदान बरोबर आहे, बऱ्याच पानांवर सगळ्यात जड ऐवज फोटोंचाच असतो. पण कोणत्या जागेसाठी किती पिक्सेल पाठवायचे आणि कोणता फोटो आधी पाठवायचा, या दोन गोष्टींचा यादीत उल्लेखही नाही. खरा फरक तिथेच पडतो.

‘सगळे फोटो ७२ डीपीआय करा’

हा आकडा वेबपेक्षाही जुना. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल मावत, तिथून तो चिकटला. डीपीआय ही छपाईसाठी फाइलमध्ये लिहून ठेवलेली सूचना असते. वेबपानावर फोटो केवढा दिसेल हे पिक्सेल आणि सीएसएस (पानाची मांडणी सांगणारे नियम) ठरवतात. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोवर ३०० च्या जागी नुसतं ७२ लिहिलं तर फाइल होती तेवढीच राहते.

मग ‘मी करून पाहिलं, फाइल खरंच लहान झाली’ म्हणणारे थापा मारतात का? नाही. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पलची (पिक्सेलची संख्याही बदलण्याची) खूण चालू ठेवून ३०० चे ७२ केले, की ४००० ची रुंदी ९६० वर येते. फाइल लहान झाली ती पिक्सेल घटल्यामुळे, श्रेय मात्र डीपीआयने खाल्लं. त्यात पुष्कळ फोन फोटोवर मुळातच ७२ लिहितात. असा १२ मेगापिक्सेलचा फोटो या नियमात आपोआप पास होतो आणि जसाच्या तसा सर्व्हरवर चढतो.

‘सगळे वेबपीत बदला’

वेबपी चांगलाच आहे. २०१० मध्ये गूगलने तो आणला, २०२० मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरनेही स्वीकारला, त्यामुळे ‘चालेल का’ हा प्रश्न आता उरलेला नाही. पण फायदा किती? गूगलच्याच दाव्यानुसार त्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. याउलट ८०० पिक्सेलच्या जागेसाठी ४००० चा फोटो ८०० वर आणला तर पिक्सेल पंचविसाव्या हिश्श्यावर येतात. आधी आकार, मग फॉरमॅट.

‘सगळे’ही नकोत. आधीच दाबलेला जेपीईजी चढ्या दर्जाच्या वेबपीत घातला तर फाइल कधी कधी फुगते. लॉसी (थोडा तपशील गाळणारा) वेबपी रंगाची माहिती निम्म्या रुंदी-उंचीवर साठवतो, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात. स्क्रीनशॉट लॉसलेस (काहीही न गाळता) ठेवावेत. साधा लोगो एसव्हीजीत (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या फाइलीत) असेल तर त्याला हातच लावू नये.

‘सगळ्या फोटोंना लेझी लोड लावा’

यादीतला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच. पानाच्या तळाशी असलेल्या फोटोंसाठी लेझी लोड उत्तम. पण पान उघडताच समोर दिसणाऱ्या मोठ्या फोटोला तो लावला तर तोच फोटो उशिरा येतो. ब्राउझर एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) वाचता वाचता पुढचे फोटो आधीच हेरून मागवायला लागतो. लेझी म्हटलं की तो थांबतो: आधी पानाची मांडणी होऊ दे, फोटो दिसणाऱ्या भागात आहे का ते कळू दे, मग मागवू. जावास्क्रिप्टने केलेल्या जुन्या पद्धतीच्या लेझी लोडमध्ये तर स्क्रिप्ट चालेपर्यंत ब्राउझरला फोटोचा पत्ताच नसतो.

आणि वेग मोजला जातो तो नेमका याच फोटोवर. एलसीपी हे त्यासाठीचं माप, म्हणजे दिसणाऱ्या भागातला सगळ्यात मोठा घटक कधी उमटला ते. तो अडीच सेकंदांच्या आत यावा अशी अपेक्षा असते.

वेबसाइट बनवण्याच्या साधनाचं, वर्डप्रेसचंच पाहा. २०२० च्या ५.५ आवृत्तीत त्यांनी फोटोंना लेझी लोड आपोआप लावायला सुरुवात केली. २०२२ च्या ५.९ मध्ये मजकुरातला पहिला फोटो त्यातून वगळला. २०२३ च्या ६.३ मध्ये मुख्य फोटोला उलट ‘फेचप्रायॉरिटी हाय’ द्यायला सुरुवात केली, म्हणजे याला आधी आणा. ज्यांनी सरसकट लावलं त्यांनीच तीन वर्षांत पावलं मागे घेतली, यादी मात्र तशीच फिरते आहे.

लेझी असो वा नसो, प्रत्येक फोटोला रुंदी आणि उंची लिहा. नाहीतर फोटो उतरला की खालचा मजकूर धपकन सरकतो आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच बटणावर पडतं.

‘मेटाडेटा पुसून टाका’

जीपीएसची नोंद जरूर पुसा, तेही वेगासाठी कमी आणि खासगीपणासाठी जास्त. सरसकट पुसलं तर फोटो कोणत्या बाजूने उभा आहे ती नोंदही जाते आणि तो आडवा पडतो. रंगांची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ती नोंद) गेली की फोनवर रसरशीत दिसणारा फोटो फिका पडतो. आधी फोटो सरळ करून एसआरजीबीत (वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) आणा, मग खुशाल पुसा. वाचतात ते बहुतेक वेळा मोजके केबी.

‘एकही फाइल १०० केबीच्या वर नको’

मर्यादा घालणं वाईट नाही, पण हा आकडा आंधळा आहे. निरभ्र आकाशाचा फोटो ४० केबीत सुंदर दिसतो, दाट झाडीचा १०० केबीत चिखल होतो. शिवाय १०० केबीचे ४० फोटो म्हणजे ४ एमबी झालेच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फाइल कितीही दाबली तरी दाखवताना ब्राउझर ती पूर्ण उलगडतो, साधारण दर पिक्सेलला ४ बाइट. ४००० बाय ३००० चा फोटो दर्जा पार खाली आणून १०० केबीत कोंबला, तरी उलगडल्यावर मेमरीत तो सुमारे ४८ एमबी जागा धरू शकतो. साध्या फोनवर पान अडखळतं ते अशाने.

त्यावर इलाज एचटीएमएलमधल्या सोर्ससेटचा: एकाच फोटोच्या ४००, ८००, १६०० रुंदीच्या प्रती ठेवायच्या आणि निवड ब्राउझरवर सोडायची. ४०० च्या जागेसाठी दुप्पट घनतेचा फोन ८०० ची प्रत उचलतो, साधा पडदा ४०० ची. सोबत साइझेस (फोटो किती रुंदीत दिसणार ते) लिहायला मात्र विसरू नका. ते गाळलं तर ब्राउझर फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा आहे असं धरून चालतो आणि छोट्याशा चौकटीसाठीही मोठी प्रत उतरवतो.