बाबूचे हात

आज लग्नाला गुहागरात गेलो होतो, मी आणि बाबू. पंगतीत एक काकू त्याच्यासमोरच मला विचारतात, "ह्याला गो सुखदुःख काय कळत असणार? बिचारा!" बाबू मठ्ठा लागलेली जिलबी ताटाच्या कडेला सारत होता. मी गप्प बसले. आता घरी आल्यावर राहवत नाहीये.

बाबू माझा धाकटा भाऊ. 27 वर्षांचा, ऑटिस्टिक. त्यासाठीचा 'स्वमग्न' हा मराठी शब्द मला मुळीच आवडत नाही. भरती-सुकतीच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत. "आजी, सुकती उशिरा आहे, कालवांना आत्ता जाऊ नको," हे स्वतःत मग्न असलेला माणूस सांगेल?

दर रविवारी तो धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जातो. उतरत नाही. जातो नि येतो, चार फेऱ्या. बोटीचा पुढचा लोखंडी दरवाजा खडखडत धक्क्यावर टेकला की दोन्ही हात खांद्यापाशी नेऊन फडफडवतो. चेहरा कोरा. हसतात ते हात.

आणि ते हात मी धरून ठेवले होते. तो दहाचा, मी सोळाची. शहरातल्या एका शिकलेल्या बाईंनी सांगितलं, हात हलवू देऊ नका, लोकांत मिसळायचा नाही. मग बोटीवर माझं सुरू, "हात खाली, बाबू." वर्षभर! शिकला तो. हात मांडीखाली दाबून बसायला लागला. पाहुणे म्हणाले, केवढा सुधारला! त्याच पावसाळ्यात त्याचं जेवण तुटलं, रात्र रात्र जागा. एका रविवारी त्याने चप्पलच घातली नाही.

सुधारला म्हणे! आज मांडवात त्या डीजेने माझ्या छातीत धडधडत होतं, तो कानांवर हेडफोन लावून तीन तास बसला. आवाज कमी करा म्हटलं तर लोक हसले. जुळवून घ्यायचं ते नेहमी त्यानेच. डॅमियन मिल्टन हा स्वतः ऑटिस्टिक असलेला ब्रिटिश अभ्यासक 2012 पासून सांगतोय, न समजणं दोन्हीकडून असतं. आपण मात्र आपली बाजू तपासतच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, बाबूकडे दाखला आहे, टक्क्यांसकट. काय जमत नाही ते सगळं मोजलंय. भरतीच्या वेळा कोणी विचारल्या नाहीत.

हो, कबूल. प्रत्येकाला फेरीबोट पुरत नाही. ज्या आईचं लेकरू भिंतीवर डोकं आपटतं, तिला मी हे ऐकवायला जाणार नाही. आणि बोलायला शिकवणाऱ्या ताईंचा बाबूला फायदा झाला, तेही खरं.

शेवटी आईनेच मला ओरडून सांगितलं होतं, "सोड गो त्याचे हात!" चौथी शिकलेली आई. तरी पुन्हा हात वर यायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं माझ्या नावावर आहेत, काकूंच्या नाही.

काकू वाईट नाहीत हो. निघताना बाबूसाठी कोरडी जिलबी वेगळी बांधून त्यांनीच दिली. म्हणजे पंगतीत त्यांनी बघितलं होतं.

उद्या रविवार. "ताई, चार फेऱ्या," आत्ता तिसऱ्यांदा सांगून गेला. सुट्टे पैसे मोजून टेबलावर ठेवलेत. काकू, तुम्हीही या धक्क्यावर. डब्यातल्या दोन जिलब्या उरल्यात अजून.