पद्मपाणी किती जणांनी पाहावा?

जुलैतल्या एका दमट दुपारी मी क्योतोच्या केन्निन्-जी या झेन मंदिरात ततामीवर (गवती चटईवर) मांडी घालून बसले होते. समोर तावाराया सोतात्सु या सतराव्या शतकातील चित्रकाराचा जोड-पडदा होता: उजवीकडे हिरवा वायुदेव, डावीकडे पांढरा मेघगर्जनेचा देव आणि मध्ये नुसते रिकामे सोने. काच नव्हती, दोरी नव्हती, फोटोलाही मनाई नव्हती. इतकी मोकळीक कशी, याचा उलगडा नंतर झाला. ती प्रतिकृती होती. मूळ पडदा क्योतो राष्ट्रीय संग्रहालयाकडे सुपूर्द केलेला आहे. जपानी कला शिकण्यासाठी उन्हाळ्याचे आठ आठवडे आणि बरीचशी शिल्लक खर्च करून आलेल्या मला, खरे सांगायचे तर, फसल्यासारखे वाटले.

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिंठ्यावरून वाद पेटला होता. चित्रे असलेल्या लेण्यांत माणसे मोजून सोडावीत आणि बाकीच्यांना प्रतिकृती दाखवाव्यात का, यावर काकांचे म्हणणे असे, की आपलाच वारसा बघायला आपल्यालाच परवानगी कशाला. आणि नकली लेणी दाखवायची असतील तर घरी बसून टीव्ही काय वाईट? एरवी मी काकांच्याच बाजूने लिहिले असते.

पण जपानमधल्याच नाराजवळच्या होर्युजी या जुन्या बौद्ध मंदिराबद्दल वर्गात ऐकले आणि मी गप्प बसले. तिथल्या मुख्य सभागृहाच्या भिंतीवर रंगवलेल्या बोधिसत्त्वाची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीशी, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्राशी, करत आले आहेत. 26 जानेवारी 1949 रोजी, त्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवण्याचे काम चालू असतानाच तिथे आग लागली आणि रंग गेले. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला. सुदैवाने 1935 मध्ये त्या भिंतींची मूळ आकारात छायाचित्रे घेऊन ठेवलेली होती. त्यांच्या छापांवर चित्रकारांनी 1960च्या दशकात ती चित्रे पुन्हा रंगवली. आज सभागृहात दिसतात ती हीच.

नक्कल हे आपल्याकडेही काही नवे नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यात उतरवलेली बहुतेक चित्रे 1866 मध्ये लंडनमध्ये जळाली, मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथे केलेल्या कामातील बरीच 1885 च्या आगीत गेली आणि अराई काम्पो या जपानी चित्रकाराने केलेल्या नकला 1923 च्या भूकंपात टोकियोत नष्ट झाल्या. मूळ भिंत मात्र अजून उभी आहे, विसाव्या शतकात चढवलेले आणि पुढे पिवळे पडलेले व्हार्निश अंगावर वागवत.

अजिंठ्याजवळच्याच फर्दापूर गावापाशी जपानच्या कर्जाच्या मदतीने पर्यटक केंद्र उभे राहिले आणि त्यात चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या गेल्या, त्यात पहिले लेणेही आहे. 2018 मध्ये वीज-पाण्याची बिले थकल्यामुळे ते बंद पडल्याची बातमी आली, तेव्हा हळहळणारे फारसे कोणी दिसले नाही. मला वाटते, दोष प्रतिकृतीचा नव्हता. ती आपण दुय्यम मानली, म्हणून तिचे दिवेही दुय्यम ठरले. केन्निन्-जीतल्या प्रतिकृतीसमोर लोक अर्धा-अर्धा तास शांत बसतात. अर्थात जपानचे सगळेच मला पटते असे नाही. मूळ पडदा क्वचितच बाहेर येतो आणि साऱ्या उन्हाळ्यात मला तो एकदाही दिसला नाही. विद्यार्थिनीच्या अंगाने बोलायचे तर हे फार झाले. शिवाय पडदा घडी घालून हलवता येतो, डोंगरातली भिंत हलवता येत नाही. म्हणून तिथे माणसेच मोजावी लागणार.

शेवटी काकांना एवढेच लिहिले, की सातवीच्या सहलीत पद्मपाणी मी पहारेकऱ्याच्या टॉर्चच्या उजेडात, पुढच्या चाळीस डोक्यांवरून, जेमतेम मिनिटभर पाहिला. त्याच्या हातातले निळे कमळ मला पहिल्यांदा नीट दिसले ते आपल्याच दिवाणखान्यातल्या कॅलेंडरवर. काकांनी उत्तरादाखल त्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. ते अजून भिंतीवर आहे.