“नुसतं हायलायटिंगच तर आहे!”

“कोडला रंगच तर द्यायचेत, त्यात सुरक्षेचं काय एवढं?” असं वर तोंड करून विचारणाऱ्या प्रत्येकाला एकदा एखाद्या लँग्वेज एक्स्टेन्शनच्या, म्हणजे कोड एडिटरला प्रोग्रामिंग भाषा शिकवणाऱ्या जोडणीच्या, इश्यू पेजवर (जिथे लोक तक्रारी टाकतात) बसवलं पाहिजे. डोकं फिरतं अक्षरशः.

अरे बाबांनो, रंग देणारं एक्स्टेन्शन वेगळं आणि भाषा ‘समजणारं’ वेगळं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये नुसते रंग हवे असतील तर टेक्स्टमेटचं व्याकरण पुरतं: एक जेसन फाइल, त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्सची (मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या सूत्रांची) जंत्री, बास. त्यासाठी कोडची एक ओळ चालवावी लागत नाही. पण ऑटोकम्प्लीट, ‘व्याख्येवर जा’, रीनेम, चुकीखाली लाल रेघ हे सगळं पाहिजे म्हटलं की लँग्वेज सर्व्हर आला. तो स्वतंत्र प्रोग्राम असतो, आणि त्याला सुरू करणारं एक्स्टेन्शन नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रोसेसमध्ये तुमच्याच अधिकारांनी चालतं. सँडबॉक्स, म्हणजे कोंडून ठेवणारं कुंपण, वगैरे काही नाही. तुमच्या एसएसएच किल्ल्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या), ब्राउझरचं प्रोफाइल, क्लाउडचे टोकन (पासवर्डसारखे परवाने), जे जे तुम्ही वाचू शकता ते ते तोही वाचू शकतो.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी दोन मिनिटं काढा. व्हीएसआयएक्स, म्हणजे एक्स्टेन्शनचं पॅकेज, ही साधी झिप फाइल असते. उघडा, आतली पॅकेज डॉट जेसन बघा. ‘फक्त हायलायटिंग’ असा दावा आहे आणि तरी त्यात ‘मेन’ नावाची की आहे? म्हणजे त्यात चालणारा कोड आहे, मग ती कुठल्या फाइलकडे बोट दाखवते ते बघा. ‘ॲक्टिव्हेशन इव्हेंट्स’मध्ये ठरावीक भाषेऐवजी नुसता तारा (*) असेल तर एडिटर उघडल्या उघडल्या ते जागं होणार, मग त्या भाषेची फाइल उघडी असो वा नसो. हे तपासायला पीएचडी लागत नाही. पण नाही, आपल्याला डाउनलोडचा आकडा बघून बटण दाबायचंय.

त्या आकड्याचंच सांगतो. 2025 मध्ये ओपन व्हीएसएक्स या एक्स्टेन्शनांच्या खुल्या दुकानात सॉलिडिटी या ब्लॉकचेनवाल्यांच्या भाषेचं एक बनावट एक्स्टेन्शन आलं. खऱ्याचं वर्णन जसंच्या तसं उचललेलं, डाउनलोड 54,000; खऱ्याचे 61,000. शोध घेतला की खोटं चौथ्या नंबरवर आणि खरं आठव्या, कारण क्रमवारीत ताज्या अपडेटला वजन होतं आणि खोट्याचं अपडेट नवं होतं. हायलायटिंग त्यात शून्य! ज्याने ते कर्सर एडिटरमध्ये टाकलं त्या ब्लॉकचेन डेव्हलपरचे सुमारे 5 लाख डॉलरचे क्रिप्टो गेले. रंग दिसत नाहीत म्हणजे बग असेल, असं वाटून माणूस पुढे काम करत राहतो, आणि मागे विंडोजच्या पॉवरशेलची स्क्रिप्ट येऊन मशीनचा ताबा घेते. ते काढून टाकल्यावर लगेच दुसरं आलं, या वेळी 20 लाख डाउनलोड दाखवत, आणि प्रकाशकाच्या नावात स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय. एडिटरच्या फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने हे सगळं तपशीलवार मांडलंय. आणि आमच्याकडे, एक्स्टेन्शन सांभाळणाऱ्या मेंटेनरांकडे, तक्रार काय, तर ‘तुमचा आयकॉन जुनाट दिसतो’.

आता वर्कस्पेस ट्रस्ट. 2021 च्या मे मधल्या आवृत्तीपासून व्हीएस कोड नवीन फोल्डर उघडताना विचारतो, या लेखकांवर विश्वास आहे का? त्यावर लोकांचा ठरलेला इश्यू: “हा पॉपअप कायमचा बंद कसा करायचा?” करू नका ना बंद! तो कशासाठी आहे ते ऐका. रस्ट-ॲनालायझर हा रस्ट भाषेचा सर्व्हर प्रोजेक्ट उघडल्यावर त्यातल्या बिल्ड स्क्रिप्ट आणि प्रोसिजरल मॅक्रो, म्हणजे प्रोजेक्टचाच कोड, चालवतो, नाहीतर त्यातून तयार होणारे टाइप त्याला कळणारच नाहीत. जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधणाऱ्या ईएसलिंटची कॉन्फिग ही स्वतःच जावास्क्रिप्ट फाइल असते, वाचायची म्हणजे चालवायचीच. कुणाचा तरी रेपो (कोडचा साठा) क्लोन करून ‘फक्त बघायला’ उघडलात तरी त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. बघणं आणि चालवणं यातली रेघ इथे कधीच पुसली गेलीय. इमॅक्स एडिटरवाल्यांनीही हसू नये. तिथे फ्लायमेक (चुका दाखवणारी सोय) चालू असताना इमॅक्सच्याच भाषेतली, ई-लिस्पची, अनोळखी फाइल नुसती उघडली तरी मॅक्रो उलगडताना कोड चालत होता, 30.1 मध्ये विश्वासू फायलींची वेगळी व्यवस्था आली. विम एडिटरचं म्हणाल तर 2019 मधलं मोडलाइनचं (फाइलमध्येच एडिटरची सेटिंग लिहायच्या सोयीचं) भोक आठवा.

मेंटेनरांनीही जरा आरशात बघावं. सर्व्हरचा पाथ सेटिंगमधून घेता ना? त्या सेटिंगचा स्कोप, म्हणजे ती कुठून बदलता येते, काय ठेवलाय? काहीच लिहिलं नसेल तर रेपोतल्या डॉट व्हीएसकोड फोल्डरमधली सेटिंग्ज फाइल तो पाथ बदलू शकते, आणि तुमचं एक्स्टेन्शन आज्ञाधारकपणे हल्लेखोराचा बायनरी सुरू करतं. स्कोप ‘मशीन’ करा. ‘मशीन-ओव्हररायडेबल’ नव्हे, तो वर्कस्पेसमधून बदलता येतो, नावातच लिहिलंय. आणि पाथ वर्कस्पेसमधून बदलू देणं भागच असेल तर पॅकेज डॉट जेसनमधल्या अविश्वासू वर्कस्पेसच्या घोषणेत ‘लिमिटेड’ लिहून ती सेटिंग प्रतिबंधित यादीत टाका. चार ओळींचं काम आहे, पण एखादी नवी थीम आधी हवी असते सगळ्यांना.

यानंतर येतात ऑडिटवाले. यंत्राने काढलेला रिपोर्ट चिकटवायचा, “14 व्हल्नरेबिलिटीज, 3 हाय, ताबडतोब दुरुस्त करा”, आणि पसार. उघडून बघावं तर त्यातल्या तेरा टेस्ट रनरच्या पोटातल्या कुठल्याशा ग्लॉब लायब्ररीत, जी वापरणाऱ्याच्या मशीनवर जातच नाही. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं साधन) ऑडिटला डेव्ह डिपेंडन्सी, म्हणजे फक्त विकासापुरत्या लागणाऱ्या लायब्ररी, वगळायला सांगता येतं, ते कुणी करायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला. खरं विचारायचं ते हे की पॅकेजमध्ये नेमकं काय जातं. व्हीएससीई एलएस ही कमांड चालवली की यादी समोर येते. त्यात डॉट एनव्ही फाइल (जिथे पासवर्ड आणि टोकन ठेवतात) दिसली तर घाम फुटला पाहिजे. विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना 2025 मध्ये 500 हून अधिक एक्स्टेन्शन्समध्ये मिळून 550 च्या वर चालू गुपितं सापडली. त्यात शंभराहून जास्त टोकन तर व्हीएस कोडच्या मार्केटप्लेसवर एक्स्टेन्शन प्रकाशित करण्याचेच होते. असा एक टोकन हाती लागला की हल्लेखोर तुमच्या नावाने नवीन आवृत्ती ढकलणार, आणि ऑटो-अपडेट ती आपणहून पोचवणार.

टोकन असा जातो कुठून? बिल्डमधून. 2025 मध्येच ओपन व्हीएसएक्सच्या रात्रीच्या ऑटो-पब्लिशमध्ये हेच निघालं: प्रकाशनाचा टोकन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून त्याच जॉबमध्ये (बिल्डच्या एका टप्प्यात) परक्या एक्स्टेन्शन्सचं एनपीएम इन्स्टॉल. कुठल्याही डिपेंडन्सीची पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट (इन्स्टॉल होताच आपोआप चालणारी) तो टोकन उचलू शकली असती. म्हणजे तिजोरीची चावी दारातल्या कुंडीत. इन्स्टॉल आणि बिल्ड एका जॉबमध्ये, टोकनशिवाय. प्रकाशन दुसऱ्या जॉबमध्ये, जिथे फक्त तयार व्हीएसआयएक्स उचलायचा. इन्स्टॉल करताना एनपीएम सीआय वापरा, इग्नोर-स्क्रिप्ट्स लावून, म्हणजे असल्या स्क्रिप्ट चालणार नाहीत. गिटहबच्या ॲक्शन्स (बिल्डच्या तयार पायऱ्या) टॅगने नाही, पूर्ण कमिट हॅशने बांधा; टॅग नंतर हलवता येतो. टीजे-ॲक्शन्स नावाच्या अशाच ॲक्शन्सच्या प्रकरणात मार्च 2025 मध्ये जुने टॅगच दुष्ट कमिटकडे वळवले होते.

ट्री-सिटरबद्दल (कोडचं झाड बनवून त्यावरून रंग देणाऱ्या लायब्ररीबद्दल) बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. व्याकरणात झाडातल्या एका नोडचं नाव बदललं की हायलाइटची अख्खी क्वेरी ‘इनव्हॅलिड नोड टाइप’ म्हणून कोसळते आणि शिव्या प्लगइनला. वर त्याचा स्कॅनर सी भाषेत, बऱ्याच एडिटरांत थेट त्यांच्याच मेमरीत लोड होणारा.

आणि मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांचा वैताग मात्र रास्त आहे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एडिटर आणि सर्व्हरच्या ठरलेल्या बोलीत, कॉलम (ओळीतली जागा) मूळचा यूटीएफ-16 या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या एककांत मोजतात. ‘रक्कम’ हा शब्द त्यात पाच एककं, यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाइट. सर्व्हर बाइट मोजत बसला तर त्याच ओळीत पुढे असलेल्या नावाची जागा दहाने सरकते. लाल रेघ सरकली तर ठीक, रीनेम सरकला तर फाइलची वाट. प्रोटोकॉलच्या 3.17 पासून एडिटर आणि सर्व्हर दोघांनी एन्कोडिंग आधीच ठरवून घ्यायची सोय आहे, तरी कितीतरी सर्व्हर ती विचारतही नाहीत. टेस्टमध्ये देवनागरीची आणि इमोजीची एकेक ओळ टाकायला काय होतं?

शेवटचा छळ, “आठ महिने अपडेट नाही, प्रोजेक्ट मेला का?” भाषेचं व्याकरण बदललेलं नाही, बग उघडा नाही, मग अपडेट कशाचं द्यायचं? नुसता आकडा वाढवून रिलीज काढायचा, म्हणजे टोकन पुन्हा बाहेर काढायचा आणि हजारो मशीनवर काहीतरी नवीन ढकलायचं, कशाला, तर तारीख ताजी दिसावी म्हणून? मेला नाही, पूर्ण झालाय. इश्यू बंद करतोय.